अडीच किलोचा सोलापुरी नाष्टा: ताट, क्रम आणि घड्याळ

ठरलेल्या वेळात मोठं ताट संपवायची नाष्ट्याची पैज बहुतेक वेळा गार झालेल्या पोह्यांवर हरली जाते. पोटात अजून जागा असते, पण घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. लाळ कमी पडलेली असते, जीभ त्याच त्या चवीला कंटाळलेली असते आणि पोहे पाटीवरच्या वाळल्या गोळ्यासारखे झालेले असतात. एवढं खाणं जमतं की नाही हे पोटाच्या घेरापेक्षा पदार्थ किती ओला आहे, किती गरम आहे आणि कशाच्या मागून काय खाल्लं यावर जास्त ठरतं. आणि पैज लावणाऱ्यानं वेळ किती दिला यावर तर सगळंच ठरतं. तासाभरापेक्षा कमी वेळाची नाष्ट्याची पैज लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. घाईनं गिळलेला घास घशात अडकतो, ते पुढे येईलच.

पैजेनं खाणं आपल्याकडे जुनंच आहे. पंगतीत जिलेब्यांच्या, बुंदीच्या लाडवांच्या, पुरणपोळ्यांच्या पैजा लागायच्या आणि वाढपी आग्रह करून करून समोरच्याला जेरीला आणायचे. आता जे ‘ब्रेकफास्ट चॅलेंज’ म्हणून व्हिडिओत दिसतं, तसलं ताट इंग्लंडच्या साध्या कॅफेंमध्येही असतं. तिथला पूर्ण नाष्टा म्हणजे सॉसेज, बेकन, तळलेली अंडी, टोमॅटोच्या रसातला राजमा म्हणावा असे बीन्स, मशरूम, भाजलेले टोमॅटो, तळलेला ब्रेड, टोस्ट आणि काही ठिकाणी ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्ताचं सॉसेज. याच ताटाचं तिप्पट-चौपट करायचं, वेळ लावायची, संपवलं तर पैसे माफ आणि भिंतीवर फोटो, अशी तिकडची रीत. पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यार्मथ गावातल्या जेस्टर्स डायनरचं ताट यात फार गाजलं. १२ सॉसेज, १२ बेकनच्या पट्ट्या, ६ तळलेली अंडी, वर ८ अंड्यांचं ऑम्लेट, शिवाय ब्रेड, बटाटे, बीन्स. वजन चार किलोच्या घरात आणि वेळ एक तास.

त्या ताटात आणि आपल्या ताटात एक मोठा फरक आहे. तिकडे मांस, अंडी आणि चरबी जास्त, म्हणजे कमी घासांत जास्त कॅलरी. आपल्याकडे पोहे, रवा, तांदूळ, उडीद; म्हणजे पाणी शोषून फुगलेलं धान्य. वजन तेवढंच असलं तरी आकारमान मोठं आणि चावणंही जास्त. त्यामुळे चार किलोची नक्कल सोलापुरात करू नका. नवख्यासाठी दीड किलो आणि सरावलेल्या खाणाऱ्यासाठी अडीच किलो ही मर्यादा मला योग्य वाटते.

सोलापूरचं ताट मांडायला मात्र मजा येते. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तिन्ही घरं या गावात शेजारी नांदतात, त्यामुळे एकाच गाड्यावर पोहे, उप्पीट, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची), इडली-वडा आणि भजी सगळं मिळतं. पूर्व भागात सकाळी इडली-डोशाचा वास, तर पेठांकडे पोहे आणि पुरी-भाजीचा. अडीच किलोचं ताट असं बसतं: मसाला डोसा १ (२०० ग्रॅम), पुऱ्या ६ (१५० ग्रॅम), बटाट्याची भाजी २०० ग्रॅम, कांदाभजी १५० ग्रॅम, इडल्या ४ (२०० ग्रॅम), वडे ३ (१५० ग्रॅम), सांबार ३०० ग्रॅम, पोहे ४०० ग्रॅम, उप्पीट ३०० ग्रॅम, सुशीला १५० ग्रॅम, शिरा १५० ग्रॅम, खोबऱ्याची चटणी १०० ग्रॅम, दही १०० ग्रॅम आणि शेंगा चटणी २० ग्रॅम. बेरीज २,५७० ग्रॅम. शेवटी चहा हवा तर अर्धा कप, तो मोजायचा नाही. कॅलरी साधारण साडेचार ते पाच हजार, म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन दिवसांच्या गरजेएवढ्या. मीठ सगळं मिळून १५ ग्रॅमच्या पुढे सहज जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी या ताटापासून लांब राहायचं.

सगळी वजनं शिजवलेल्या पदार्थाची धरायची. ४०० ग्रॅम पोह्यांना साधारण पावणेदोनशे ग्रॅम कोरडे जाडे पोहे लागतात, बाकी पाणी, कांदा, शेंगदाणे आणि तेल. ३०० ग्रॅम उप्पीट ८० ग्रॅम रव्यात होतं. कच्च्या मालाच्या मापावर ताट मांडलं तर एकाचं ताट २,३०० ग्रॅमचं आणि दुसऱ्याचं २,८०० ग्रॅमचं होतं, आणि मग भांडणं. स्वयंपाकघरात पाच किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा ठेवा, रिकामी भांडी आधी तोलून त्यांच्या बुडाला वजन लिहून ठेवा.

आता एकेक पदार्थ कसा वागतो ते. इथेच सगळी मेख आहे.

पुरी गरम असताना दोन घासांची. पाच-सात मिनिटांत ती वातड होते आणि एकेक पुरी चावायला दुप्पट वेळ जातो. कणीक सैल भिजवलेली असेल किंवा तेल नीट तापलेलं नसेल तर पुरी तेल पिते. ते तेल पहिल्या दोन पुऱ्यांत जाणवत नाही, चौथ्या पुरीला घशाशी येतं. पैजेच्या पुरीची कणीक घट्ट हवी, घाणा तेल चांगलं तापल्यावरच सोडायचा, आणि पुऱ्या झाऱ्यावर निथळून चाळणीत उभ्या ठेवायच्या. एकावर एक रचल्या की वाफेनं खालच्या मऊ पडतात.

भज्यांचंही तेच, पण भज्यांना आणखी एक खोड आहे. कडक कड तोंडाच्या टाळूला लागते. वीसेक भजी भरभर खाल्ली की टाळू सोलवटतो आणि मग सांबारातलं तिखट झोंबायला लागतं. म्हणून पैजेची भजी फार कुरकुरीत करू नयेत. कांदा जरा जाड चिरावा आणि पिठाचा थर पातळ ठेवावा.

इडली दिसायला सगळ्यात सोपी, प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याची. कोरडी इडली तोंडात दाबली की लगद्याचा एक चिकट गोळा होतो आणि तो पूर्ण न चावता गिळता येतो, हाच तिचा धोका. २०२४ च्या ओणममध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या वाळयारजवळ इडली खाण्याच्या स्पर्धेत एका माणसाचा घशात इडली अडकून मृत्यू झाला. नुसत्या इडल्या, एकामागून एक, घाईघाईनं, अशी ती रीत होती. आपल्या गावात गल्लीबोळात ‘एका मिनिटात किती इडल्या’ असल्या स्पर्धा गणपतीत किंवा नवरात्रात कोणी ठेवत असेल तर त्या बंद करायला सांगा. इडली चार तुकडे करून, प्रत्येक तुकडा सांबारात बुडवूनच खायची. हा नियम खाणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका, पैजेच्या कागदावर लिहा.

वडा हा हुशारीनं खाल्ला तर मित्र आहे. बाहेरून कडक, आतून घट्ट, त्यामुळे कोरडा खाल्ला तर जबडा थकतो. पण सांबार पहिल्यापासून टेबलावर असेल तर तिन्ही वडे सुरुवातीलाच त्यात बुडवून ठेवता येतात. पंधरा मिनिटांत ते असे भिजतात की चमच्यानं तुटतात.

पोहे. जाडे पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग फोडणीत घालून झाकण ठेवून मंद आचेवर एक दणदणीत वाफ द्यायची. वाफ कमी दिली तर पोहे वरून मऊ आणि आतून कोरडे राहतात, आणि तेच घशात अडतात. गार झाले की पोह्यांतला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दाणे ताठर होतात. पैजेच्या पोह्यांवर लिंबू जास्त पिळा. आंबट लागलं की लाळ सुटते, आणि चारशे ग्रॅम पोहे उतरवायला लाळच लागते. वर शेव टाकू नका. कोरडी शेव आणि कोरडं खोबरं ठसक्याचं पहिलं कारण.

शेंगा चटणीला आपण सोलापूरकर नाही म्हणूच शकत नाही, पण तीही कोरडी भुकटीच. घास घेताना श्वास आत ओढला गेला की ठसका ठरलेला. ती दह्यात कालवून द्या, चव तीच राहते आणि घसाही सांभाळला जातो.

उप्पीट गरम असताना सैल आणि गार झाल्यावर गोळा. रव्याला तिप्पट पाणी हे रोजचं माप. पैजेसाठी साडेतीन पट घ्या, म्हणजे वीस मिनिटं ते चमच्यावरून सरकत राहील. सुशीला ताटात सगळ्यात मोठी दिसते आणि सगळ्यात हलकी असते. चुरमुरे भिजवून पिळून फोडणीला टाकलेले असतात, आकार मोठा, वजन कमी. नवखे खाणारे तो ढीग बघूनच घाबरतात. खरं तर दीडशे ग्रॅम सुशीला चार-पाच मिनिटांत जाते, फक्त नीट पिळलेली आणि ओलसर हवी.

शिरा गोड म्हणून शेवटी ठेवायची सवय आपल्याला असते. इथे तसं करू नका. एकाच चवीचं सलग खात गेलं की ती चव नकोशी होते, पण वेगळी चव समोर आली की भूक थोडी परत जागी होते. आहारशास्त्रात हे चांगलं अभ्यासलेलं आहे, आणि लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावरही जिलेबी जाते ती याचमुळे. म्हणून दीडशे ग्रॅम शिऱ्याचे तीन वाटे करा आणि खारं-तिखट जड वाटायला लागलं की एकेक वाटा घ्या. शिऱ्यात तूप बेतानं. गार झाल्यावर तुपाचा थर टाळूला बसतो.

यावरून क्रम आपोआप ठरतो. सगळं एकदम समोर मांडलेलं ताट फोटोला छान दिसतं, खायला वाईट. तीन फेऱ्यांत वाढा.

पहिली फेरी १८ मिनिटांची: डोसा, पुरी-भाजी, भजी आणि अर्धी चटणी, म्हणजे ७५० ग्रॅम. सांबार आणि वडे याच वेळी टेबलावर, वडे भिजत पडलेले. तळलेलं आधी का, असं कोणी विचारेल, कारण तेलकटानं पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. खरं आहे, चरबी आतड्यात पोचली की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि भरल्याची जाणीव वाढते. पण तासाभरात जठर तसंही फार रिकामं होत नाही. त्यामुळे गार झाल्यावर जे खाणं अशक्य होतं ते आधी संपवणं शहाणपणाचं. शिवाय तृप्तीची जाणीव यायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे सगळ्यात जड भाग त्या आधीच आत गेलेला असतो.

दुसरी फेरी २५ मिनिटांची: भिजलेले वडे, इडली-सांबार, पोहे, दह्यात कालवलेली शेंगा चटणी. १,०७० ग्रॅम, म्हणजे ही सगळ्यात मोठी फेरी, आणि पैज इथेच जिंकली किंवा हरली जाते. आधी वडे आणि इडली घ्या, मग पोहे, म्हणजे तोंड सांबारानं ओलं असताना पोहे सुरू होतात. उरलेलं सांबार पोह्यांवर ओतून घेतलं तरी चालेल. काही जणांना ते पटत नाही, पण सोलापुरात पोह्यांवर कट किंवा सांबार ओतून खाणारे पुष्कळ आहेत.

तिसरी फेरी १७ मिनिटांची: उप्पीट, सुशीला, उरलेलं दही, उरलेली चटणी. ६०० ग्रॅम, सगळं मऊ. दही उप्पीटात मिसळून घ्या, घास सरकतो आणि तोंडातली जळजळही शमते. या फेरीत खाणाऱ्याला घाम येणं, उचकी लागणं हे नेहमीचं. उचकी आली तर खाणं थांबवायचं, ती जाईपर्यंत एकही घास घ्यायचा नाही. उचकीच्या झटक्यात श्वासनलिका उघडी असताना घास तिकडे जाऊ शकतो.

पाण्याविषयी दोन गोष्टी. घोट घोट पाणी हवंच, प्रत्येक तीन-चार घासांनी एक घोट, तासाभरात तीनशे-चारशे मिलिलिटर पुरे. त्याहून जास्त प्यायलात तर ती जागा खाण्याची गेली. सोडा आणि कोल्ड्रिंक टेबलावर ठेवूच नका, वायूनं पोट फुगतं आणि ढेकर येताना घास वर येतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जठर ‘ताणायला’ म्हणून आदल्या दिवशी तीन-चार लिटर पाणी एकदम पिण्याचा सल्ला व्हिडिओंत सर्रास दिला जातो. तो जीवघेणा आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगानं पाणी आत गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. २००७ साली अमेरिकेत सॅक्रामेंटो इथे एका रेडिओ स्टेशनच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेनंतर एका तरुण आईचा मृत्यू झाला, तो यामुळेच.

जठर म्हणजे काही ताणून मोठी करायची पिशवी नव्हे. सामान्य जेवणात ते एक-दीड लिटर धरतं, सैलावलं तर आणखी. २००७ सालीच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका व्यावसायिक खाणाऱ्याचं आणि एका साध्या माणसाचं जठर खाताना एक्स-रेखाली पाहिलं. साधा माणूस सात हॉट डॉगवर (पावात घातलेल्या सॉसेजवर) थांबला. व्यावसायिकानं दहा मिनिटांत ३६ खाल्ले आणि त्याचं जठर फुगत फुगत जवळजवळ सगळं पोट व्यापून बसलं. पण ते जठर अन्न पुढे ढकलायला आकुंचन पावतच नव्हतं. डॉक्टरांची भीती अशी होती की वर्षानुवर्षं असं केलं तर जठर कायमचं सैल पडू शकतं आणि अन्न खाली सरकायचंच बंद होऊ शकतं. ही पैज वर्षातून एखाद्या वेळी हौसेनं करायची गोष्ट आहे, सराव करून वाढवायची नाही, हे मी यावरूनच म्हणतो.

व्यावसायिकांकडून घ्यायचं तर तंत्र घ्या. २००१ साली न्यूयॉर्कमधल्या हॉट डॉग स्पर्धेत ताकेरू कोबायाशी या जपानी तरुणानं १२ मिनिटांत ५० हॉट डॉग खाल्ले. आधीचा विक्रम २५ च्या जरासा वर होता. शरीरानं तो किरकोळच. त्यानं हॉट डॉग मोडून दोन तुकडे केले आणि पाव वेगळा करून पाण्यात बुडवला. मोडणं आणि भिजवणं, एवढंच. आपल्या ताटात वडा सांबारात टाकणं आणि इडलीचे चार तुकडे करणं म्हणजे तेच तंत्र, पण सावकाश.

आदल्या दिवशी उपाशी राहू नका. रिकाम्या पोटानं पहिल्या दहा मिनिटांत माणूस अधाशासारखा खातो आणि तिथेच फसतो. दुपारी नेहमीचं जेवण, रात्री आठच्या आत हलकं काही, वरण-भात किंवा मुगाची खिचडी. रात्री कडक भाकरी, हुलगे, वाटाणे, कोबी असलं वायू धरणारं नको. दारू तर नकोच. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास पाणी, पोट साफ, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं अर्धा तास चालणं, आणि पैज साडेआठ-नऊला. सैल कपडे घाला, पट्टा नको.

ऋतूचा विचार सोलापुरात करावाच लागतो. मार्च ते मे पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत एवढं खारट-तेलकट खाऊन उन्हात बाहेर पडणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत संक्रांतीला असते, त्याच्या मागचे-पुढचे आठवडे सगळ्यात चांगले.

कोणी बसू नये हे पैज लावणाऱ्यानं आधीच विचारून घ्यायचं: मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हर्निया, पोटाची कसलीही शस्त्रक्रिया झालेली, गिळताना त्रास होणारे, कवळी असलेले, गरोदर बायका, अठरा वर्षांखालची मुलं. खाण्याशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे, कधी उपास तर कधी अतिखाणं, त्यांनाही मित्रांनी भरीस पाडू नये.

नाष्टा सेंटरवाल्यांसाठी स्वयंपाकाचं वेळापत्रक. एका पैजेला दोन माणसं पुरतात, एक तव्यावर आणि एक कढईवर. सांबार, भाजी, चटणी, शिरा आधी तयार. इडलीचं भांडं पैज सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला चढवायचं, दहा-बारा मिनिटांत उतरतं, म्हणजे दुसऱ्या फेरीला वाफाळती इडली. पोहे तेराव्या मिनिटाला फोडणीला. उप्पीटासाठी रवा आधी भाजून ठेवा आणि पाण्याचं आधण पस्तिसाव्या मिनिटाला ओता. पुरीची शेवटची जोडी खाणारा चौथ्या पुरीवर असताना तळा.

फेऱ्यांचा आणखी एक फायदा अन्न वाया न जाण्याचा. पहिल्या फेरीवर माणूस थांबला तर दुसरी आणि तिसरी फेरी वाढलेलीच नसते, ती स्वच्छ राहते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला किंवा कामगारांना जाते. पानात टाकलेलं अन्न आपल्याकडे कोणाला बघवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पैसे आधी घ्या आणि जिंकला तर परत द्या. भरल्या पोटाच्या माणसाशी बिलावर हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही.

नियम थोडे आणि स्पष्ट ठेवा. सांडलेलं तोलून त्याच्या ताटात मोजायचं. जागेवरून उठायला हरकत नाही, नजरेआड जायला आहे. उलटी झाली की पैज संपली. आणि एक नियम मोडायचा नाही: शिट्टी वाजली की तोंडातला घास मोजायचा नाही. ‘तोंडात आहे ते गिळलं तर मान्य’ अशी सवलत दिली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात माणूस तोंडात चार घास कोंबतो आणि घास अडकतो तो तिथेच. आजूबाजूच्यांनी ‘हाण, हाण’ म्हणून ओरडायचं असेल तर पहिल्या फेरीपर्यंतच. हसवायचं तर अजिबात नाही, भरल्या तोंडानं हसणं म्हणजे ठसका.

एक माणूस फक्त खाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला बसवा. खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणी देऊ नका. खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय. आवाज निघत नसेल, हात गळ्याकडे गेला असेल, ओठ निळे पडत असतील तर एक क्षण घालवू नका. माणसाला पुढे वाकवा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा. नाही निघाला तर मागे उभं राहून मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा आणि आत व वरच्या दिशेनं पाच झटके द्या. पाच थापा, पाच झटके, घास निघेपर्यंत आळीपाळीनं. फार जाड माणसाला कवेत घेता येत नसेल तर झटके छातीच्या हाडावर द्या. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर आडवा करून छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी आत जातो. हे करता येणारा माणूस हजर नसेल तर त्या दिवशी पैज ठेवू नका.

पैज संपल्यावर आडवं व्हायचं नाही. अर्धा तास बसा, मग हळूहळू चाला. झोप येणारच, म्हणून दुचाकीवरून स्वतः जाऊ नका. अस्वस्थ वाटलं की खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर पाण्यात घेणं ही घराघरांतली सवय आहे, इथे ती टाळाच. सोडा जठरातल्या आम्लात मिसळला की झपाट्यानं वायू सुटतो, आणि गच्च भरलेल्या जठराला तो ताण सोसत नाही. अशानं जठर फाटल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बोटं घालून उलटीही काढू नका.

थोडी मळमळ, ढेकर, जडपणा तीन-चार तास राहतो, रात्रीपर्यंत तहान लागत राहते. थोडं थोडं पाणी प्या. पोट दगडासारखं ताठ झालं, दुखणं वाढत गेलं, उलटीची उबळ येऊनही उलटी होत नसेल, छातीत दुखलं किंवा दम लागला तर घरी वाट बघू नका, थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि काय व किती खाल्लं ते डॉक्टरांना ग्रॅममध्ये सांगा. दुपारचं जेवण सोडा. रात्री भूक लागलीच तर ताक-भात, नाही लागली तर नुसतं पातळ ताक, बिनमिठाचं.